मास नाही, फादर नाही, तरी कुंपणाखाली बाळ येशू: याला आयरिश लग्न म्हणायचं का?

पश्चिमवारा

गेल्या शनिवारी मेयो काउंटीत एका लग्नाला जाऊन आले. तेव्हापासून एक वाद डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढते.

नवरी माझी वॉर्डातली मैत्रीण. गॉलवेत आल्यापासून नऊ वर्षं आम्ही एकत्र ड्यूट्या केल्या आहेत. इथली आजवर पाहिलेली लग्नं साधारण एकाच साच्यातली होती. दुपारी चर्चमध्ये मास, म्हणजे कॅथलिकांचा प्रार्थनाविधी, मग हॉटेल, दीड-दोनशे माणसं, जेवणात बीफ की सामन एवढाच प्रश्न, भाषणं, बँड. जेवणाला न बोलावलेली मंडळी रात्री फक्त नाचायला येतात, त्यांना 'आफ्टर्स'ची माणसं म्हणतात. रात्र चढली की सगळे फरशीवर एकामागे एक बसून होडी वल्हवल्यासारखे झुलतात. मला हे सगळं मनापासून आवडतं, हे आधीच सांगते.

हे लग्न मात्र गावच्या हॉलमध्ये झालं. खिडकीतून क्रोग पॅट्रिक डोंगर दिसत होता. माणसं जेमतेम सत्तर. लग्न लावलं मानवतावादी, म्हणजे देवाधर्माशिवाय लग्न लावणाऱ्या, संस्थेच्या एका बाईंनी. नवरीचा झगा निळा, खांद्यावर आजीच्या लग्नातली कॅरिकमाक्रॉसची लेस. वडिलांनी मुलीला 'सोपवायचं' नाही असं ठरलं होतं, म्हणून नवरा-नवरी हात धरून एकत्रच आत आले. जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करून आणलेलं. मोठाल्या पातेल्यांतला मटणाचा स्ट्यू, ब्राउन ब्रेड, वाफाळता कडक चहा. मी नारळाच्या वड्या नेल्या होत्या.

मग हात बांधायचा विधी, हँडफास्टिंग. दोर नवरीने शोधून आणलेला, तिच्या आजोबांच्या होडीचा होता. ते क्लू बे या खाडीत मासेमारी करायचे. दोर जाड, ताठ, डांबराचा वास अजून न गेलेला. त्याची गाठ काही केल्या बसेना. आईने बांधली, सुटली. वडिलांनी बांधली, तीही सुटली. शेवटी पहिल्या रांगेतून ८६ वर्षांची आजी उठली. डाव्या मनगटाला जपमाळ गुंडाळलेली. तिने दोराचं टोक एकदा फिरवून खालून ओढून घेतलं आणि गाठ बसली. पन्नास वर्षं नवऱ्याला होडी बांधताना पाहिलं होतं तिने.

रात्री नऊच्या सुमाराला दार ढकलून 'स्ट्रॉबॉइज' आत आले. काडाचे उंच, टोकदार मुखवटे, चेहरा झाकलेला, कोणी एक शब्द बोलत नाही. पश्चिमेकडची जुनी चाल आहे ही. न बोलावता यायचं, म्होरक्याने नवरीबरोबर नाचायचं, जोडप्याला सुख लाभावं म्हणून, आणि निघून जायचं. हल्ली काही जण पैसे देऊनही बोलावतात. हे शेजारच्या गावातले तरुण आपणहून आले होते.

आणि आदल्या रात्री नवरीच्या आईने बाळ येशूची मूर्ती, म्हणजे 'चाइल्ड ऑफ प्राग', बागेच्या कुंपणाखाली ठेवली होती. लग्नाच्या दिवशी ऊन पडावं म्हणून ठेवतात. मान तुटलेली मूर्ती जास्त पावते असं इथे मानतात. यांच्या मूर्तीची मान दोनदा चिकटवलेली आहे.

सोमवारी वॉर्डातली एक ज्येष्ठ सिस्टर, जी लग्नाला आली होती, मला म्हणाली, "दिवस सुरेख गेला, पण लग्न लागल्यासारखं वाटलं नाही." माझ्या नवऱ्याचंही तेच मत. मला अगदी उलट वाटतं. मी इथे पाहिलेल्या लग्नांत हे सगळ्यात आयरिश होतं, कारण त्यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या घरातून आली होती. तुम्हाला काय वाटतं?

जुनीपोथी

वर्णन फार आवडलं. मत पटलं नाही.

परंपरेतलं गोड ते उचलायचं आणि जड ते दाराबाहेर ठेवायचं, असं झालं हे. मास म्हटली की गुडघे टेकावे लागतात, लग्नाआधीच्या शिबिराला बसावं लागतं, मरेपर्यंत साथ देईन असं देवासमोर म्हणावं लागतं. ते नको, पण पाऊस पडू नये म्हणून बाळ येशू हवा. ज्याला मानत नाही त्याच्याकडे ऊन कसं मागायचं?

आणि त्या दोराबद्दल. 'प्राचीन केल्टिक विधी' म्हणून हँडफास्टिंग सांगतात. स्कॉटलंडात तो शब्द वाङ्निश्चयाचा होता, हातात हात देऊन वचन. दोर गुंडाळायची आजची पद्धत बरीचशी विसाव्या शतकातली आहे. म्हणजे जुनं होतं ते सोडलं, आणि नवं आणून त्याला जुनं म्हटलं.

लीकाठी

जुनीपोथी, चर्चमधलं लग्न तुम्ही किती जुनं धरता?

१८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या आधी आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत लग्न बहुतेक नवरीच्या घरी लागायचं. फादर घरी यायचे. तिथेच लग्न, तिथेच जेवण, तिथेच फिडल. १८५० साली थर्ल्स इथे बिशपांची धर्मसभा भरली. बाप्तिस्मा, लग्न हे संस्कार घरांतून काढून चर्चमध्ये न्यायचे असं तिथे ठरलं आणि मग हळूहळू लग्न उंबऱ्याबाहेर गेलं. पांढरा झगा रूढ झाला तो व्हिक्टोरिया राणीच्या १८४० च्या लग्नानंतर. हॉटेल तर कालपरवाचं. घरोघरीच्या नाचाचं काय झालं, तेही बघा. १९३५ च्या डान्स हॉल कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला, आणि काही ठिकाणी पाद्री आणि पोलिसांनी मिळून तो घरातल्या मैफलींवरही चालवला. त्यात कितीतरी गावांची घरातली वादनं बंद पडली. तेव्हा गावच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांनी रांधलेलं जेवण आणि न बोलावता आलेले मुखवटेवाले, ही फॅशन नव्हे. हे परत आलेलं आहे.

दोराचं मान्य. पण हात धरून लग्न ठरवायची आठवण इथेही आहे. मीथ काउंटीतल्या टेल्टाउनची दंतकथा १८३० च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे सरकारी नकाशे करणाऱ्या खात्याच्या, माणसांनी टिपून ठेवली आहे. फाटकाच्या भोकातून मुलीने हात पुढे करायचा, मुलाने धरायचा. वर्ष आणि एक दिवस संसार करायचा. नाही पटलं तर तिथेच परत यायचं, पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि एकाने उत्तरेला, एकाने दक्षिणेला चालू लागायचं. खरं किती, खोटं किती, ते सोडा. लोकांनी ते शतकानुशतकं सांगितलं, एवढं पुरे.

'लग्न लागल्यासारखं वाटलं नाही' याबद्दल: कायद्याला दोन्ही लग्नं सारखीच. तीन महिने आधी रजिस्ट्रारला कळवायचं, फॉर्म घ्यायचा, दोन साक्षीदारांसमोर ठरावीक घोषणा करायच्या, सह्या करून फॉर्म महिन्याभरात परत द्यायचा. फादरनाही तोच फॉर्म भरावा लागतो. मानवतावादी सेलिब्रंटना, म्हणजे लग्न लावणाऱ्यांना, हा अधिकार २०१२ च्या कायद्याने दिला. माझ्या ऑफिसातल्या गेल्या चार लग्नांपैकी तीन तशीच झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दहातली नऊ लग्नं कॅथलिक पद्धतीने व्हायची, आता निम्मीही होत नाहीत.

मोगरीण

मध्येच एक शंका. इथेही मुहूर्त असतो का?

लीकाठी

पूर्वी कडक होता. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात लग्न लागत नसे. त्यामुळे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, श्रोव्ह ट्यूजडेला, लग्नांची झुंबड. जे तरीही बिनलग्नाचे राहिले त्यांच्या पाठीवर पुढच्या रविवारी पोरं खडूने रेघा ओढायची. त्या रविवाराचं नावच चॉक संडे. मे महिना अशुभ.

बावखलकाठी

हा धागा वाचून दोन दिवस विचार करत होतो. मी वसईचा ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारा, चौदा वर्षं लिमरिकला आहे. माझं लग्न वसईत झालं, मिस्सा (म्हणजे मासच) मराठीत. म्हणून थोडं आतून लिहितो.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. ही चाल आम्ही ख्रिस्ती होण्याच्या आधीची. पोर्तुगीज आले, गेले, साडेचारशे वर्षांत मिस्साही राहिली आणि उंबराचं पाणीही राहिलं. माझ्या आईने त्या पाण्याच्या कळशीवर हात ठेवून प्रार्थना म्हटली होती. तिला त्यात काहीही विसंगत वाटलं नाही. म्हणून 'आपलं, घरचं, मोकळं' लग्न करायला मिस्सा काढावी लागते, हे मला पटत नाही. गावच्या हॉलमध्ये जेवा, आजोबांचा दोर आणा, दोघं हात धरून आत या. फादर आनंदाने हो म्हणाले असते.

जुनीपोथींनी मिस्सेला जड म्हटलं, तेही मला मान्य नाही. लग्नसंस्कारात फादर लग्न लावत नाहीत. नवरा आणि नवरी एकमेकांना तो संस्कार देतात, फादर ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षीदार. याहून मोकळं आणि याहून आपलं दुसरं काय असेल? माझ्या बायकोने मला तो दिला त्या क्षणी तिचा आवाज कापत होता, तो आजही कानात आहे.

पश्चिमवारा ताई, तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या आजीला कोणी विचारलं का? हातात जपमाळ घेऊन ती त्या हॉलमध्ये बसली होती, ती कोणती प्रार्थना करत होती? तुम्ही लिहिता प्रत्येक वस्तू घरातून आली. त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा देव तेवढा बाहेर राहिला.

माळरान

बावखलकाठी, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं, तरीही दुसरी बाजू मांडते.

हे जोडपं मेयोचं. शेजारच्या गॉलवे काउंटीत तुआम आहे. तिथे नन्स चालवत असलेल्या माता-बालगृहात १९२५ ते १९६१ या काळात मेलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूदाखले कॅथरीन कोरलेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी एकेक करून काढले. त्या मुलांच्या दफनाची नोंद कुठे सापडेना. त्यांच्या आया म्हणजे लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली. त्या संस्थेत त्या पोचल्या, कारण गावात लग्न आणि अब्रू कशाला म्हणायचं ते चर्च ठरवत होतं. त्या भागात वाढलेल्या मुलीला 'मिस्सा तेवढी ठेवा, बाकी मोकळं करा' हे सांगणं सोपं नाही. तिला फादरांचा राग नसेलही. पण आपल्या लग्नाला साक्षीदार कोण, हे तिने ठरवलं.

पुरोहिताशिवाय लग्न म्हटलं की ते अर्धवट, हे आपल्याकडेही ऐकून झालं आहे. सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये भटजीविना लग्न लावलं तेव्हाही लोक हेच म्हणाले असणार. माझ्या पणजोबांचं लग्न तसंच लागलं. आमच्या घरात ते कमी प्रतीचं लग्न कधी मानलं गेलं नाही.

बावखलकाठी

तुआमवर माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही तिथे जाऊन आलो आहोत, बायको आणि मी. ती गप्प उभी होती, मला प्रार्थना सुचेना. तुमचं म्हणणं मी खाली पाडू शकत नाही आणि पाडायचंही नाही. फक्त इतकंच म्हणतो की तो संस्कार त्या लोकांच्या मालकीचा नव्हता.

जुनीपोथी

तुआमचं कारण असेल तर मी मान देतो. मग मात्र मूर्तीही नको होती. नकार द्यायचा तर पुरता द्यावा.

लीकाठी

मूर्ती नवरीने ठेवली नाही, आईने ठेवली. आईला नकार द्यायचा नव्हता. एका घरात दोन माणसं आहेत, एवढं तरी धरा.

पश्चिमवारा

सगळ्यांचे आभार. बावखलकाठी, तुमच्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही, म्हणून काल मैत्रिणीला फोन केला आणि सरळ विचारलं.

ती म्हणाली, आजीला सगळ्यात आधी सांगितलं होतं, साखरपुड्याच्याही आधी. आजी तीन आठवडे बोलली नाही. मग एका रविवारी तिने फळीवरून आजोबांचा दोर काढला आणि म्हणाली, हात बांधणार असाल तर दुकानातल्या रिबिनीने बांधू नका. म्हणजे तो दोर नवरीने शोधलेला नव्हता. मी वर चुकीचं समजून लिहिलं होतं.

आणि आहेराच्या पाकिटात आजीने मासचं कार्ड ठेवलं होतं. फादरांकडे जाऊन कुणाच्या तरी नावाने मास मागायची, आणि फादरांच्या सहीचं कार्ड त्या माणसाला द्यायचं, अशी इथे रीत आहे. मास दुसऱ्याच दिवशीची, रविवारी सकाळी अकराची. दोघं रात्री तीनला झोपलेले, तरी उठून गेले. मागच्या बाकावर आजीच्या दोन बाजूंना बसले. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, वेळी दोघं उठले नाहीत. आजी एकटी काठी टेकत पुढे गेली, घेऊन परत आली आणि पुन्हा दोघांच्या मध्ये बसली.

मी विचारलं, काही बोलली का नंतर? म्हणाली, हो, बाहेर आल्यावर विचारलं, दोर वाळत घातलात ना, ओला गुंडाळून ठेवला की कुजतो.