जि. प. शाळेत आकाश शिकवायचंय, दुर्बीण घ्यावी का?

मोहोळची_बाई:
नमस्कार. मोहोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून थोडे पैसे दिलेत, "पोरांना आकाश दाखवा" म्हणून. सगळे म्हणतात दुर्बीण घ्या. पण शाळा पाचला सुटते, आणि रात्री बोलवायचं तर मुलींना घरून सोडत नाहीत. शिवाय चंद्राच्या कला फळ्यावर कितीही वेळा काढून दाखवल्या तरी पेपरात "पृथ्वीची सावली पडते म्हणून" हेच उत्तर येतं. पोरांना स्वतःच्या हाताने करता येईल असं काय आहे? पैसे कशावर घालू?

अक्कलकोट_नाका:
दुर्बीण घ्याच, मॅडम. शनीची कडी एकदा बघितलेलं पोरगं जन्मभर विसरत नाही. फक्त स्टँड भक्कम बघा. हलक्या तिकाटण्यावर ग्रह सापडेपर्यंत रांगेतली पोरं कंटाळतात.

जुने_सर_सोलापूर:
मॅडम, मी सोलापुरातच भूगोल-विज्ञान शिकवून निवृत्त झालो. माझं मत सरळ आहे: दुर्बीण पुढच्या वर्षी. यंदा दिवसाचं आकाश शिकवा, ते शाळेच्या वेळेत असतं आणि फुकट असतं.

आधी तुमच्या कलांचं बघू. शनिवारी सकाळची शाळा असते ना? वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा शनिवार गाठा. आठ-साडेआठला चंद्र पश्चिमेकडे चांगला वर असतो. प्रत्येक पोराच्या हातात पांढरा चेंडू द्या, उन्हात उभं करा आणि हात लांब करून चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी धरायला सांगा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचा! पोरं चेंडूकडे बघतात, चंद्राकडे बघतात, मग वळून सूर्य कुठल्या बाजूला आहे ते शोधतात. तेव्हाच विचारा, "पृथ्वीची सावली आत्ता कुठे पडली असेल?" ती सूर्याच्या बरोबर उलट्या दिशेला जाणार, चंद्र तर तिथे नाहीच. हे पोरांच्या तोंडून आलं की पेपरातलं उत्तर आपोआप बदलतं. सूर्याकडे मात्र थेट बघू द्यायचं नाही. एक्स-रेची फिल्म लावूनसुद्धा नाही, हे घरीही सांगायला लावा.

नंतर वर्गात तेच पुन्हा करा. खिडक्यांना जाड चादरी लावा (आपल्या गावात चादरींना काय तोटा), मधे एकच बल्ब, तो सूर्य; पोराचं डोकं पृथ्वी, चेंडू चंद्र. चेंडू धरून पोराने स्वतःभोवती सावकाश फिरायचं, चेंडू डोक्यापेक्षा किंचित वर. डोक्याच्या रेषेत आला की ग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हेही तिथेच उलगडतं.

दुसरं म्हणजे काठी. मैदानात 1 मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवा आणि रोज दुपारी सर्वात आखूड सावली मोजा. बाराला नाही! आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, मिर्झापूरजवळून जाणारं. सोलापूर जवळपास 76 वर, म्हणजे सूर्य आपल्याकडे सरासरी 26 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यातही नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यात 12:40 च्या. हे पोरांनी स्वतः नोंदवलं पाहिजे, आधी सांगून टाकू नका.

22 डिसेंबरला ही सावली 87 सेंटीमीटरच्या आसपास भरते. 21 मार्चला 32, आणि त्यावरून आपला अक्षांश निघतो, साडेसतरा-अठरा. 21 जूनला जेमतेम 10 सेंटीमीटर उरते, पण ती दक्षिणेला पडते. "सर, सावली उलटी पडली!" हे वाक्य मी खूप ऐकलंय आणि दर वेळी अंगावर काटा आलाय.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही तो, आपल्याकडे 10-11 मेच्या सुमाराला, नेमका सुट्टीत. पोरांना घरी उभा तांब्या किंवा पाइपचा तुकडा ठेवून बघायला सांगा. दुसरी संधी 2-3 ऑगस्टला. तेव्हा ढग असतात, पण आपल्याकडचा पाऊस कसा ते तुम्हाला माहीत आहेच, तयारी ठेवा.

बार्शीकर_८२:
अंतरासाठी आम्ही ज्वारीचा दाणा वापरतो. 4 मिलिमीटरचा दाणा म्हणजे पृथ्वी, राजगिऱ्याचा दाणा चंद्र, दोघांत 12 सेंटीमीटर. सूर्य म्हणजे पुठ्ठ्याचा 44 सेंटीमीटरचा गोल, 47 मीटर लांब. गुरू म्हणजे लिंबू, पण तो सूर्यापासून पाव किलोमीटरवर ठेवावा लागतो, आमच्यात गावच्या वेशीपाशी जातो. नेपच्यून 1.4 किलोमीटरवर. आणि सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा? याच मापाने साडेबारा हजार किलोमीटर. तिथे वर्ग गप्प होतो.

मोहोळची_बाई:
सर, चेंडूचं ह्या शनिवारी पंचांग बघून ठरवते. एक शंका. पोरं विचारतात, मृग जूनमध्ये लागतो, मग तेव्हा आकाशात का दिसत नाही?

जुने_सर_सोलापूर:
फार चांगला प्रश्न, आणि शेतकऱ्याच्या घरचाच. सत्तावीस पोरांना नक्षत्रांच्या नावाच्या पाट्या देऊन गोलात उभं करा, मधे दिवा. एक पोरगं पृथ्वी होऊन दिव्याभोवती फिरेल. त्याला दिव्याच्या पाठीमागे जी पाटी दिसते, ते नक्षत्र 'लागलं'. म्हणजे सूर्य त्यात आहे आणि ते दिवसा आकाशात आहे, उजेडात बुडालेलं. प्रत्येकाला साधारण साडेतेरा दिवस. पाठ फिरवली की समोर येतात ती रात्रीची नक्षत्रं. मृग बघायचा तर गड्ड्याच्या यात्रेच्या (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संक्रांतीच्या सुमाराची) दिवसांत, रात्री दहाला जवळजवळ डोक्यावर. पोरं आई-बापाबरोबर यात्रेला येतातच, तिथूनच दाखवायला सांगा. ध्रुव मात्र आपल्याकडे फार खाली, लांब केलेल्या हाताच्या दोन मुठींपेक्षाही कमी उंचीवर. उत्तरेला झाडी-इमारत नसलेली जागा लागेल.

पैशांचं म्हणाल तर चेंडू, ओळंबा, लांब टेप, बल्ब-होल्डर यात फार जात नाहीत. उरलेल्यात 7×50 किंवा 10×50 चा (7 किंवा 10 पट मोठं दाखवणारा, 50 मिलिमीटर भिंगांचा) द्विनेत्री घ्या. कृत्तिका आणि गुरूचे चंद्र त्यातून दिसतात. गुरूसाठी तो भिंतीला टेकवून धरायचा. शाळेच्या संगणकावर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट टाकता येतं. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही आहेत, तीही फुकट. काठी रोवाल तेव्हा भोवतालची जमीन पाणी ओतून समपातळीत आहे का बघा, नाहीतर वर्षभराची मापं चुकतील.