खंड्याचा मोनोप्रिंट: थर जुळत नाहीत आणि रंग मळतायत, मदत हवी

शाईवाली:
नमस्कार मंडळी. अ‍ॅक्रिलिक शीटवर शाईने रंगवून ती कागदावर दाबून छापायचा (म्हणजे मोनोप्रिंट) खंड्या करतेय, आपला नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा, तीन थरांत. पहिल्या थरात मागचं पाणी नि पिवळट गवत, दुसऱ्यात पाठ-पंखांचा निळा, तिसऱ्यात तपकिरी डोकं-पोट आणि लाल चोच. शाई तेलाचीच पण पाण्याने धुता येणारी, कागद 300 जीएसएम कॉटनचा, भिजवून घेते. सामायिक स्टुडिओत एचिंग प्रेस (प्लेट आणि कागद रोलरखालून दाबून काढायचं यंत्र) आठवड्यातून एकदाच मिळतो म्हणून एका आठवड्याला एक थर. आता अडचण अशी की दुसरा थर सरकतोच, एका टोकाला बरोबर बसतो आणि दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दोन-तीन मिमी बाहेर, खुणा अगदी नीट केलेल्या असूनही. आणि निळ्यावर तपकिरी चढला की चिखल होतो, चोच पण विटकरी दिसते. तो पाठीवरचा निळा मला उजळच हवाय हो, त्याच्यासाठीच तर हा पक्षी घेतला.

प्रेसपाशी:
ताई, एका टोकाला बरोबर आणि पुढे वाढत जाणारा फरक, यातच उत्तर आहे. खूण चुकली असती तर सगळीकडे सारखंच सरकलं असतं. इथे कागदाचं मापच बदललंय. भिजला की कागद फुगतो, प्रेसमधून जाताना आणखी ताणला जातो, आठवडाभरात वाळून आकसतो, आणि पुन्हा भिजवल्यावर नेमका तेवढाच फुगेल याची काही खात्री नाही.

म्हणून तिन्ही थर एकाच दिवशी घ्या. एकाच मापाच्या तीन शीट, म्हणजे प्लेट, कापून घ्या, कडा कानशीने तिरक्या घासा नाहीतर कागद आणि फेल्ट (कागदावर टाकायचं लोकरीचं जाड कापड) दोन्ही कापतील. प्रेसच्या बेडवर मायलर (पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म) टाकून त्यावर प्लेटचे कोपरे मार्करने आखा. कागद प्लेटपेक्षा एका बाजूने चांगला लांब ठेवायचा, पहिला थर निघाला की प्रेस पूर्ण पार करायचा नाही, कागदाची ती शेपटी रोलरखाली दाबलेलीच राहू द्या. मग फेल्ट आणि कागद उचलून रोलरवर टाका, प्लेट बदला, दुसरी त्याच कोपऱ्यात बसवा, कागद हळूच खाली सोडा. कागद हललाच नाही तर सरकणार कसा? शिवाय पहिल्या थराआधी ओला कागद एकदा कोऱ्या प्लेटवरून फिरवून घ्या, जो काय ताणायचाय तो आधीच ताणून होतो.

आणि पावसाळ्यात भिजवलेले कागद प्लॅस्टिकमध्ये रात्रभर ठेवले तर ठीक, त्याहून जास्त ठेवू नका, मुंबई-कोकणात लगेच बुरशीचे ठिपके धरतात.

रोलर_आणि_रंग:
वरचं सगळं बरोबर, पण ओल्यावर ओलं छापायचं तर शाईचा क्रम सांभाळावा लागेल. पहिली शाई सगळ्यात घट्ट, पुढची थोडी सैल, तिसरी आणखी सैल, जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब घालून. उलटं केलंत तर खालची तेलकट शाई वरच्या घट्ट शाईला धरतच नाही, आणि नवी प्लेट आधीचा थर उचलून नेते. पॅरिसच्या अतलिए 17 या छापचित्रांच्या स्टुडिओत आपले छापचित्रकार कृष्णा रेड्डी आणि मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून गेलेले कायको मोती याच गुणावर एका प्लेटवर कित्येक रंग खेळवायचे. त्यांची पद्धत वेगळी, खोदलेल्या प्लेटची, पण घट्ट-सैलचा हिशोब तोच.

चिखलाचं कारण सरळ आहे. तपकिरीत नारिंगी असतो, निळ्यावर पडला की दोघं एकमेकांना मारतात. त्यांना भेटूच देऊ नका. जुन्या ओएचपी शीटमधून (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लॅस्टिक शीट) डोकं-पोटाचा आकार कापा आणि निळ्याच्या प्लेटवर ठेवूनच छापा, तिथे कागद कोरा राहील. चोचीची जागा तर पहिल्या थरापासूनच अशी झाका, पाण्याच्या रंगाखालून ती लालभडक येणं शक्य नाही. फक्त मानेच्या मागे, जिथे तपकिरी संपून निळा सुरू होतो, तिथे एक काडीभर दोन्ही चढू द्या, तिथली सावली फार सुंदर पडते. आणि शाई कमी, ट्रान्स्परंट बेस (शाई पारदर्शक करणारा बिनरंगी बेस) जास्त, शाईचा रोलर फिरताना चिकट आवाज आला म्हणजे थर जाड झाला समजा.

पाणथळ:
मी छापत नाही, पक्षी बघतो, पण निळ्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. खंड्याच्या त्या पिसात निळा रंगद्रव्य म्हणून नसतोच, पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. म्हणून निळ्यात पांढरी शाई घालून उजळ करायला जाऊ नका, दुधाळ होईल. पातळ निळा आणि खालून कागदाचा पांढरा, उजेड तिथूनच येऊ द्या. पोपट केलात तर आणखी मजा, त्याच्या पिसात पिवळं रंगद्रव्य आणि निळी रचना मिळून हिरवा होतो, म्हणजे आधी पिवळा थर मग पारदर्शक निळा हे पिसाच्या धर्मालाच धरून आहे.

बसलेल्या खंड्याच्या पंखावरचा मोठा पांढरा पट्टा दिसत नाही, तो उडताना उघडतो, फोटोवरून करताना एवढं बघा. आणि कृपा करून मातीच्या दरडीतल्या बिळाजवळ, म्हणजे घरट्यापाशी, रेफरन्ससाठी जाऊ नका. तारेवर बसलेला हवा तेवढा वेळ मिळतो.

शाईवाली:
खूप आभार सगळ्यांचे! शेपटी रोलरखाली दाबून ठेवायची युक्ती मला कुणीच दाखवली नव्हती. पुढच्या वेळी अख्खा दिवस मागून घेते. एकच विचारायचंय, पहिल्या प्लेटवर छापून झाल्यावर जी शाई उरते तिचा घोस्ट, म्हणजे दुसरा फिका छाप, काढला तर तो मागच्या पाण्यासाठी वापरता येईल का, की फार फिका पडेल?

रोलर_आणि_रंग:
फिकाच हवा ना पाण्याला. फ्रेंच चित्रकार एदगार देगा तर घोस्टवर पेस्टलने काम करायचा, आधार म्हणून घोस्ट उत्तमच. तुम्ही तो वेगळ्या ओल्या कागदावर घ्या, शाई सुकायच्या आत, दाब किंचित वाढवून. आणि छापायच्या आधी प्लेटवर गवताची दोन पाती ठेवा, ती पाती उचलून मग घोस्ट काढा, पातीच्या शिरा सुद्धा उमटतात. निळा-तपकिरी त्या कागदावर चढवा, पहिला छाप वेगळा राहू दे. आणि हो, सगळं उलटं येतं, फोटो आरशासारखा फिरवून शीटखाली ठेवा म्हणजे चोच तुम्हाला हवी त्याच बाजूला येईल.