मदत हवी आहे: पौष संपेपर्यंत थांबावं का?

नमस्कार मंडळी. नेरुळचं आमचं सिडकोचं घर विकायला काढलंय. मार्गशीर्षात एक जोडपं दोनदा येऊन गेलं, घर पसंत पडलं, भावही ठरला. पण त्यांच्या आई म्हणतात, पौषात टोकन द्यायचं नाही, माघ लागू दे. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवू नका, अशी विनंती आहे. त्यांच्या भावनेचा मान आहेच, पण नुसत्या शब्दावर महिनाभर थांबावं का? पुढे सिडकोची हस्तांतरणाची परवानगी, सोसायटीची एनओसी, त्यांचं बँकेचं कर्ज. त्यात १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर वाढले, तर मुद्रांक शुल्क त्यांनाच जास्त पडू शकेल.

आणखी एक. बेडरूमची पश्चिमेची भिंत आत्ता थंडीत खडखडीत कोरडी आहे. जुलैत मात्र खिडकीखाली हातभर ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात. हे मी त्यांना आधीच सांगणार आहे, लपवून घर विकायचं नाही. मग भाव थोडा कमी करावा, की दुरुस्ती करून द्यावी?

आईबाबांनी जिवापाड सांभाळलेलं घर आहे. अलीकडे सिडकोचं घर विकलेल्यांनी कृपया सांगा, परवानगीला किती दिवस लागले?