वजनकाट्याच्या डायलॉगमधले बटण दुसऱ्या संगणकावर दिसत नाही, अक्षरेही कापली जातात : जागा, आकार आणि रंग कसे ठरवावेत?

काटाघर (धरणगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. धरणगाव तालुक्यातील एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी मी पायथन आणि टीकेइंटर (पायथनमधून खिडक्या, बटणे आणि चौकटी बनवण्याचे साधन, थोडक्यात टीके) वापरून कापसाच्या पावतीचा डायलॉग तयार केला आहे. त्यात गाडी क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन, ओलावा आणि भाव अशा नऊ ओळी आहेत. तळाशी ‘जतन करा’, ‘पावती छापा’ आणि ‘रद्द करा’ ही तीन बटणे आहेत. प्रत्येक लेबल आणि प्रत्येक चौकट मी ‘प्लेस’ पद्धतीने, डावीकडून इतके पिक्सेल आणि वरून इतके पिक्सेल असे आकडे देऊन बसवली आहे. खिडकीचा आकार ९०० बाय ८२० ठेवला आहे. माझ्या लॅपटॉपवर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे आणि स्केलिंग १०० टक्के आहे. तिथे सारे व्यवस्थित दिसते.

काटाघरातील संगणकाचा पडदा मात्र १३६६ बाय ७६८ चा आहे, आणि तिथे बसणाऱ्या मामांना बारीक अक्षर वाचता येत नसल्यामुळे त्यांनी विंडोजचे स्केलिंग १२५ टक्के करून ठेवले आहे. तिथे तळाची तिन्ही बटणे पडद्याखाली गेली आणि अक्षरेही धूसर दिसू लागली. कुठेतरी वाचून मी प्रोग्रामच्या सुरुवातीला डीपीआयची (एका इंचात किती पिक्सेल याची) जाणीव देणारी ओळ घातली. त्याने अक्षरे स्वच्छ झाली, पण ‘रिकाम्या गाडीचे वजन’ हे लेबल शेजारच्या चौकटीखाली शिरले आणि ‘तालुका’ या शब्दाचा उकार कापला जाऊन तो ‘तालका’ असा दिसू लागला. लेबलांची उंची मी २० पिक्सेल ठरवून दिलेली आहे.

रंगांचाही प्रश्न आहे. लक्ष वेधावे म्हणून मी पार्श्वभूमी पिवळी आणि निव्वळ वजनाचा आकडा लाल ठेवला, परंतु दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की तो आकडाच वाचता येत नाही. ‘जतन करा’ हे बटण हिरवे करण्याचा प्रयत्न केला, तरी विंडोजवर ते राखाडीच राहते. दिवाळीनंतर आवक वाढली की ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर जाते, आणि अशा वेळी मामांनी बटण शोधत बसावे हे मला बरे वाटत नाही. प्रत्येक रिझोल्यूशनसाठी वेगळे आकडे लिहावेत, की सगळ्या आकड्यांना एका गुणकाने गुणावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

तापीकाठ (चोपडा) यांचे उत्तर

भाऊ, दोन्ही करू नका. आकडे वेगळे लिहिले किंवा गुणले, तरी उद्या तिसरा पडदा आला की हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. आधी नेमके काय झाले ते पाहू, म्हणजे उपाय आपोआप समजेल.

डीपीआयची ओळ नसताना विंडोज तुमच्या प्रोग्रामला पडदा लहान असल्याचे सांगत होते. ७६८ ला १.२५ ने भागले की साधारण ६१४ येतात, म्हणजे तुमच्या ८२० उंचीच्या खिडकीसाठी प्रत्यक्षात ६१४ चीच जागा होती. विंडोज ते चित्र नंतर ताणून मोठे करते, म्हणून अक्षरे धूसर दिसत होती. ओळ घातल्यावर हे ताणणे थांबले आणि प्रोग्रामला खरे ७६८ पिक्सेल दिसू लागले. मात्र टीकेमध्ये फॉन्टचा आकार पॉइंटमध्ये (इंचाच्या ७२ व्या भागात) असतो आणि ‘प्लेस’चे आकडे पिक्सेलमध्ये असतात. १० पॉइंटचे अक्षर १०० टक्क्यांवर सुमारे १३ पिक्सेलचे होते, १२५ टक्क्यांवर सुमारे १७ चे होते आणि १५० टक्क्यांवर २० चे होते. अक्षर वाढले, पण त्याची जागा आणि चौकट वाढली नाही. लेबल शेजाऱ्याखाली शिरले ते यामुळे.

म्हणून जागा आकड्यांनी न सांगता नात्याने सांगा : हे लेबल या चौकटीच्या डावीकडे आहे, ही ओळ त्या ओळीखाली आहे. टीकेमध्ये हे काम ‘ग्रिड’ करते. प्रत्येक घटकाला ओळ आणि स्तंभ द्या. स्तंभ त्यातील सर्वांत रुंद घटकाएवढा रुंद होतो आणि ओळ सर्वांत उंच घटकाएवढी उंच होते. लेबले पहिल्या स्तंभात ठेवा, लिहिण्याच्या चौकटी दुसऱ्या स्तंभात ठेवा आणि फक्त दुसऱ्या स्तंभाला ‘वेट’ १ द्या, म्हणजे खिडकी ओढून रुंद केल्यावर वाढीव जागा चौकटींना मिळेल आणि लेबले जागेवर राहतील. मात्र त्यासाठी चौकटींना ‘स्टिकी’ पूर्व-पश्चिम असे द्यावे लागते. ते विसरले तर स्तंभ रुंदावतो, पण चौकट मधोमध तेवढीच राहते, आणि नवशिक्याला वाटते की ‘वेट’ चालतच नाही. चौकटीची रुंदीही अक्षरांच्या संख्येत द्या : वजनाला १०, नावाला ३०. ती फॉन्टबरोबर वाढते.

बटणांसाठी एक बारकावा आहे, आणि तुमच्या प्रश्नात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बटणांची पट्टी वेगळ्या फ्रेममध्ये घ्या आणि ती फ्रेम ‘पॅक’ या टीकेच्या दुसऱ्या मांडणी-पद्धतीने तळाला बांधा, तीही फॉर्मच्या फ्रेमच्या आधी. ‘पॅक’ ज्या क्रमाने घटक दिले त्याच क्रमाने जागा वाटते. जागा कमी पडली तर शेवटी आलेला घटक कापला जातो. बटणे आधी बांधली तर लहान पडद्यावर फॉर्मचा तळ झाकला जाईल, बटणे झाकली जाणार नाहीत. फॉर्मच्या फ्रेमच्या आत ‘ग्रिड’ खुशाल वापरा, परंतु एकाच पालकाच्या (खिडकीच्या किंवा फ्रेमच्या) आत ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ मिसळू नका. हल्लीच्या आवृत्त्यांत तशी चूक केल्यास त्रुटीचा संदेश येतो. पूर्वीच्या आवृत्त्यांत दोन्ही पद्धती एकमेकींशी अखंड ओढाताण करत राहत आणि प्रोग्राम गोठून जाई.

डीपीआयची ओळ ठेवा, पण ती मुख्य खिडकी तयार करण्याआधी चालली पाहिजे.

जुना प्रोग्रामर (जळगाव) यांचे उत्तर

वरचे उत्तर अचूक आहे. त्यात देवनागरीबद्दल थोडी भर घालतो, कारण उकार कापला जाण्याचे कारण केवळ स्केलिंग नाही.

व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळात आम्ही ट्विप या एककात जागा देत असू. एका इंचात १४४० ट्विप, म्हणून ९६ डीपीआयवर एका पिक्सेलला १५ ट्विप होत. पुष्कळांनी हा १५ चा आकडा प्रोग्राममध्ये थेट लिहून ठेवला होता. १२० डीपीआयवर तोच आकडा १२ होतो, आणि तिथे ते सारे फॉर्म विस्कटले. मीही जिल्ह्यातील पतसंस्थांसाठी केलेले असे फॉर्म हाताने दुरुस्त केले आहेत, म्हणून गुणकाचा मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. त्याच काळातील विंडोजच्या मूळ डायलॉगांनी मात्र अधिक शहाणा मार्ग धरला होता. तिथे एकक फॉन्टवरून ठरत असे : अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग हे आडवे एकक आणि अक्षराच्या उंचीचा आठवा भाग हे उभे एकक. नेहमीचे बटण ५० बाय १४ एककांचे, कडेचा समास ७ एककांचा आणि संबंधित घटकांमधील अंतर ४ एककांचे. फॉन्ट बदलला की सारा डायलॉग त्याच प्रमाणात बदलत असे. ‘ग्रिड’ हेच काम आपल्यासाठी आकडेमोड न करता करते.

आता उकाराकडे वळू. रोमन लिपीत अक्षराच्या वर-खाली फारसे काही नसते, पण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार येतात. फॉन्टचे नाव तुम्ही दिले नाही, तर ओळीची उंची मूळ इंग्रजी फॉन्टवरून मोजली जाते आणि देवनागरी अक्षर मात्र दुसऱ्या फॉन्टमधून आणून बसवले जाते. त्या अक्षराला लागणारी उंची मोजणीत येतच नाही. म्हणून फॉन्ट स्पष्टपणे ‘निर्मला यूआय’ असा द्या. तो विंडोज ८ पासून सोबत येतो. त्याआधीच्या संगणकांवर ‘मंगल’ असतो. लेबलाची २० पिक्सेलची उंची काढून टाका आणि उंची मुळीच देऊ नका. वर-खाली २-३ पिक्सेलचे अंतर द्या, तेवढे पुरते.

लेबलाची रुंदीही अक्षरसंख्येत देऊ नका. चौकटीला ती चालते, लेबलाला नाही, कारण जोडाक्षरे आणि मात्रा मोजताना संख्या आणि प्रत्यक्ष रुंदी यांचा मेळ बसत नाही. लेबलाला त्याच्या मजकुराएवढे होऊ द्या. मराठी लेबले इंग्रजीपेक्षा लांब असतात हेही गृहीत धरा. ‘टेअर’च्या जागी ‘रिकाम्या गाडीचे वजन’ लिहिणे योग्यच आहे, जागा वाचवण्यासाठी ते ‘रि.गा.व.’ असे करू नका.

वजनांच्या चौकटींत मजकूर उजवीकडे लावा, म्हणजे भरलेली, रिकामी आणि निव्वळ ही तीन वजने एकाखाली एक येऊन एकक-दशक जुळतात. मामांची नजर वजाबाकी तशीच तपासते. शिवाय कोणी मराठी कळफलकावरून ‘४५२०’ असे देवनागरी अंक टाइप केले, तरी पायथन ते संख्या म्हणून बरोबर वाचते, त्यासाठी वेगळी सोय लागत नाही.

अक्षररंग (धुळे) यांचे उत्तर

मी संगणक शिकवते, आणि रंग हा विषय विद्यार्थी नेहमी शेवटी आणि घाईत उरकतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातील फरक मोजता येतो. काळ्यावर पांढरे म्हणजे २१ ला १, आणि दोन्ही रंग एकच असतील तर १ ला १. वेबसाठीच्या सुगम्यता-नियमांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ हे प्रमाण सांगितले आहे. डायलॉगलाही तोच दंडक लावावा. पूर्ण पिवळ्यावर पूर्ण लाल हे प्रमाण सुमारे ३.७ येते. डोळ्याला तो रंग भडक वाटतो, म्हणून आपल्याला तो ठळक वाटतो, पण वाचनासाठी तेजातील फरक लागतो आणि तोच तिथे कमी आहे. वरून ऊन पडले की उरलेला फरकही जातो. पांढऱ्यावर गडद लाल, म्हणजे ० ते २५५ या मापात लालाचे मूल्य १३९ आणि हिरवा-निळा शून्य, असे घेतले तर प्रमाण जवळजवळ १० होते. आपल्याकडच्या दुपारच्या उजेडात मी पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकट ठेवून अक्षर गडद ठेवणेच पसंत करते. निव्वळ वजन वेगळे दिसायला हवे असेल, तर रंगापेक्षा आकार वाढवा : बाकी ११ पॉइंट, ते १८ पॉइंट आणि ठळक.

बटण राखाडी राहते याचे कारण असे की तुम्ही ‘टीटीके’चे (टीकेच्या थीमवर चालणाऱ्या नव्या घटकांचे) बटण वापरत असावेत. विंडोजच्या मूळ थीममध्ये ते बटण स्वतः विंडोज रंगवते आणि तुमचा पार्श्वभूमीचा रंग दुर्लक्षित राहतो. थीम बदलून ‘क्लॅम’ केली आणि स्टाइलमधून रंग दिला तर तो लागतो, किंवा एवढ्या एका बटणासाठी जुने साधे टीके बटण वापरावे; विंडोजवर ते रंग स्वीकारते. हिरवा मात्र पूर्ण तेजाचा घेऊ नका. त्यावर पांढरी अक्षरे लिहिली तर प्रमाण १.४ च्या आसपास राहते, म्हणजे ती जवळजवळ अदृश्यच होतात. मूल्य १०० चा गडद हिरवा घेतला की तेच प्रमाण ७.४ होते. तीन बटणांपैकी एकालाच रंग द्या. तिन्ही रंगवली तर कोणतेच उठून दिसत नाही. अक्षराचा रंग ठरवला की पार्श्वभूमीचाही ठरवा. एकच ठरवून दुसरा विंडोजवर सोडला, तर कोणी गडद किंवा उच्च-विरोधाची थीम लावल्यावर काळ्यावर काळे होते.

ओलाव्याच्या चौकटीला तुम्ही पुढेमागे रंग द्यालच, म्हणून आधीच सांगते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ दरम्यान कपात आणि १२ च्या पुढे नकार असतो. हे हिरवा, पिवळा, लाल असे रंगवावेसे वाटते, पण लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष थोडे नाहीत आणि काट्यावर कोण बसेल हे आपल्या हातात नसते. रंगाशेजारी ‘कपात’ किंवा ‘नकार’ असा शब्दही लिहा. रंग आधाराला असू द्या, अर्थ शब्दाने कळला पाहिजे.

काटाघर (धरणगाव)

तापीकाठ भाऊ, सर आणि ताई, तिघांचेही मनापासून आभार. ‘प्लेस’ पूर्ण काढून टाकले. बटणांची पट्टी आधी बांधली, फॉर्म ‘ग्रिड’मध्ये घेतला आणि फॉन्ट निर्मला यूआय दिला. ओळींमधले अनावश्यक अंतर गेल्यामुळे सारा डायलॉग आता १२५ टक्क्यांवरही पडद्यावर मावतो आणि ‘तालुका’ पूर्ण वाचता येते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद लाल १८ पॉइंटचे निव्वळ वजन मामांनी दुपारी खुर्चीतूनच वाचून दाखवले.

एक शंका उरली आहे. हा डायलॉग मुख्य खिडकीच्या मधोमध उघडावा म्हणून मी त्याची रुंदी विचारून हिशेब करतो, पण उत्तर नेहमी १ येते आणि डायलॉग भलतीकडे उघडतो.

तापीकाठ (चोपडा)

भाऊ, खिडकी पडद्यावर येण्यापूर्वी तिची प्रत्यक्ष रुंदी १ च असते. डायलॉग तयार होताच तो लपवा, सर्व घटक बसवून झाल्यावर ‘अपडेट आयडलटास्क्स’ (मांडणीचा बाकी हिशेब पुरा करणारी आज्ञा) चालवा, आणि मग प्रत्यक्ष रुंदीऐवजी मागितलेली, म्हणजे घटकांना लागणारी, रुंदी आणि उंची विचारा. त्यावरून मुख्य खिडकीच्या तुलनेत जागा काढा, तीच मापे किमान आकार म्हणून द्या, आणि शेवटी डायलॉग दाखवा. आधी दाखवून नंतर हलवला तर तो क्षणभर कोपऱ्यात चमकून जातो.