फेरनिवडणूक, मध्यावधी की नुसतीच दुसरी निवडणूक?

मखमलाबादकर:
गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत एमपीएससीच्या मुलांसाठी मी चालू घडामोडींची टिपणं काढतो. ग्रीसच्या २०२३ च्या टिपणाला मथळा दिला, 'फेरनिवडणुकीपूर्वी मित्सोताकिस यांच्या प्राथमिकता'. सोबत शिकवणाऱ्या सरांनी 'फेरनिवडणूक' खोडून 'मध्यावधी' केलं आणि आतल्या 'काळजीवाहू'चं 'हंगामी'.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २१ मे २०२३ च्या निवडणुकीत तेव्हा पंतप्रधान असलेल्या मित्सोताकिस यांच्या न्यू डेमॉक्रसी पक्षाला ४०.७९ टक्के मतं आणि ३०० पैकी १४६ जागा मिळाल्या. बहुमताला १५१ लागतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरकार स्थापनेचं निमंत्रण परत केलं. २५ जूनला पुन्हा मतदान झालं, त्यात १५८ जागा आल्या. मधला महिनाभर इयोआनिस सार्मास पंतप्रधान होते. आता जाणकारांनी सांगावं, मुलांनी पेपरात कोणता शब्द लिहायचा?

जुना उपसंपादक:
मध्यावधी तर नाहीच. मुदत चालू आहे, सभागृह काम करतंय आणि मध्येच ते बरखास्त करून निवडणूक लागली, तर ती मध्यावधी. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडणूक झाली. ती मध्यावधी, कारण १९९८ ची लोकसभा वर्षभर चाललेली होती. १९७१ चीही तशीच, मुदतीला वर्ष उरलं असताना घेतलेली. ग्रीसची मे महिन्यातली संसद २८ तारखेला बसली आणि २९ ला बरखास्त झाली. एवढ्याशा अवधीत मध्य कुठे शोधणार?

आपल्याकडचं जवळचं उदाहरण बिहारचं. फेब्रुवारी २००५ मध्ये कुणालाच बहुमत नाही, विधानसभा भरलीच नाही, मे महिन्यात बरखास्त झाली आणि वर्ष संपायच्या आत बिहारी मतदार पुन्हा रांगेत. सर्वोच्च न्यायालयाने मतदानाच्या तोंडावर, ऑक्टोबरात, ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली, पण जुनी विधानसभा पुन्हा जिवंत केली नाही, निवडणूक होऊ दिली.

बाकी 'फेरनिवडणूक' लिहिताना डोळ्यांत तेल घालावं लागतं ते 'फेरनिवड'पायी. 'अध्यक्षपदी अमुक यांची फेरनिवड' म्हणजे तोच माणूस पुन्हा निवडून आला. फेरनिवडणुकीत तो पडूही शकतो. मथळ्याला जागा कमी पडली की 'णूक' आधी उडवतात आणि मतदानाआधीच माणूस विजयी होतो. 'फेरी' आणखी वेगळी: फ्रान्सच्या अध्यक्षपदासाठी दुसऱ्या फेरीचं मतदान होतं, तिथे पहिली फेरी रद्द होत नाही, वाया जात नाही, फक्त चाळणी लावते.

निफाडचा शेतकरी:
उपसंपादक काका, मध्यावधीचं पटलं. 'फेर'चं नाही पटलं.

आमच्याकडे कांद्याच्या बाजारात हा शब्द रोजचा. ट्रॉलीचा लिलाव होतो, बोली लागते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करताना तळाचा कांदा हलका निघाला की वांधा पडतो. मग एक तर भाव तुटतो, नाहीतर फेरलिलाव. फेरलिलाव म्हटलं की आधीची बोली मेली. ती कुणी धरून बसत नाही.

निवडणुकीचंही असंच उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. देवळा तालुक्यात उमराण्याला ग्रामपंचायतीच्या पदांचाच जाहीर लिलाव झाला, मंदिराच्या नावाने दोन कोटींच्या वर बोली गेली, व्हिडिओ फिरला. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ती निवडणूक रद्द केली, नंदुरबारच्या खोंडामळीचीही त्याच वेळी. पुढे नव्याने घेतली ती खरी फेरनिवडणूक. लिलावामुळे झालेली, हा आमच्या तालुक्यांचा मान!

ग्रीसमध्ये मे महिन्याची निवडणूक कुणी रद्द केली? निकाल लागला, आमदार-खासदार जे काय असतील त्यांनी शपथही घेतली. मग 'फेर' कशाला, 'दुसरी निवडणूक' म्हणा.

जुना उपसंपादक:
भाऊ, उमराण्याचं उदाहरण चोख दिलंत. पण 'फेर' दर वेळी आधीचं पुसत नाही. फेरपरीक्षा नापासांची असते, पास झालेल्यांचे गुण कुणी काढून घेत नाही. फेरविचार करूनही निर्णय तोच राहू शकतो. तलाठ्याकडची फेरफार नोंदही जुनी नोंद फाडून होत नाही, तिच्या पुढे लागते. काम एकदा झालं, त्यातून हवं ते निघालं नाही म्हणून पुन्हा करणं, एवढाच 'फेर'चा अर्थ.

रद्द झाली की निष्फळ ठरली, हे वाचकाला कळायलाच हवं, हे मात्र खरं. ऑस्ट्रियात २०१६ साली अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीचं मतदान घटना न्यायालयाने रद्द केलं आणि डिसेंबरात पुन्हा घेतलं. ती उमराण्याच्या जातीची. ग्रीसची बिहारच्या जातीची. दोन्हींना फेरनिवडणूक म्हणा, पण पहिल्याच वाक्यात कारण लिहा. 'दुसरी निवडणूक' म्हटलं तर वाचक विचारतो, पहिली कधीची? पाच वर्षांपूर्वीची?

पंचवटीकर:
मखमलाबादकर, 'प्राथमिकता' आधी काढा. ती हिंदीतून आली आहे. मराठीत 'प्राथमिक' म्हटलं की शाळा आठवते, नाहीतर आरोग्य केंद्र. 'अग्रक्रम' किंवा 'प्राधान्य' लिहा. त्यातही 'प्राधान्ये' असं अनेकवचन जिभेवर बसत नाही, म्हणून 'कशाकशाला प्राधान्य दिलं' असं क्रियापदानं मोकळं करा.

आणि अग्रक्रम सांगायचाच तर पहिला नंबर कशाचा होता ते लिहा. मित्सोताकिस यांनी किमान वेतन ७८० वरून ९५० युरोवर न्यायचं म्हटलं, सरकारी दवाखान्यांची सुधारणा, देशाचं पतमानांकन पुन्हा गुंतवणुकीच्या लायक करणं, तुर्कस्तानच्या सीमेवर एव्रोस नदीकाठचं कुंपण लांबवणं, सगळं खरं. पण या सगळ्यांच्या वर होतं स्वबळ. ग्रीक शब्दच 'आफ्तोदिनामिया', म्हणजे स्व आणि बळ, अक्षरशः. आपल्या पक्षांचा 'स्वबळाचा नारा' तिकडेही घुमतो म्हणायचा.

त्यामागे हिशेब होता. मे महिन्याची निवडणूक २०१६ च्या कायद्याने झाली, जितकी मतं तितक्या जागा. मित्सोताकिस यांच्या सरकारने २०२० मध्ये कायदा बदलला: पहिल्या पक्षाला २५ टक्के मतं पडली की २० जागा बोनस, पुढे दर अर्ध्या टक्क्याला एक, जास्तीत जास्त ५०. पण तिथे निवडणुकीचा कायदा २०० खासदारांनी उचलून धरला नाही तर लगेच लागू होत नाही, एक निवडणूक सोडून लागतो. म्हणजे मे जुन्या कायद्याने, जून नव्याने. जूनमध्ये त्यांची मतं किंचित घटली, ४०.५६ टक्के, आणि जागा बारा वाढल्या. आघाडीची बोलणी करायला ते कशाला बसतील? दुसरी निवडणूक व्हावी, हाच त्यांचा पहिला अग्रक्रम.

निफाडचा शेतकरी:
म्हणजे वांधा काढून फेरलिलाव मागणारा व्यापारी! आता 'फेर' पटलं.

देवळाली कॅम्प:
काळजीवाहू-हंगामीचं राहिलं. नेहरू गेले तेव्हा आणि शास्त्रीजी गेले तेव्हा गुलझारीलाल नंदा पंतप्रधान झाले, ते हंगामी. खुर्ची रिकामी पडली, नेता ठरेपर्यंत बसले. १९९९ च्या एप्रिलनंतरचं वाजपेयी सरकार काळजीवाहू: बहुमत गेलेलं, पण निवडणुकीपर्यंत कारभार ओढायचा. कारगिल याच काळात झालं, म्हणजे 'काळजीवाहू' म्हणजे हात बांधलेलं असंही नाही.

सार्मास यांचं सरकार दोन्हींत नेमकं बसत नाही. आधीचाच पंतप्रधान रेटत राहिला असं तिथे झालं नाही. पक्षांचं जमलं नाही तर तीन वरिष्ठ न्यायालयांच्या अध्यक्षांपैकी एकाला राष्ट्राध्यक्ष बसवतात. सार्मास हे लेखापरीक्षण न्यायालयाचे. निवडणूक पार पाडणं हेच काम, म्हणून माझं मत काळजीवाहूला. 'हंगामी' म्हटलं की नाशकात द्राक्षाच्या छाटणीची मजुरी डोळ्यांसमोर येते, हे वेगळंच.

मखमलाबादकर:
सगळ्यांचे आभार. सुधारलेलं वाक्य असं: 'मेच्या निवडणुकीत कोणालाच बहुमत न मिळाल्याने जूनमध्ये फेरनिवडणूक झाली. तीपूर्वी मित्सोताकिस यांनी स्वबळावरील सरकारला अग्रक्रम दिला. या काळात सार्मास यांचे काळजीवाहू सरकार होते.' सरांना दाखवलं. काळजीवाहू त्यांनी मान्य केलं, मध्यावधीवर अजून अडून आहेत.

जुना उपसंपादक:
'तीपूर्वी' नको, 'तिच्याआधी' करा. आणि सरांना इकडेच पाठवा, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर नाशिकमधून लोकसभेत बिनविरोध गेले, ती 'पोटनिवडणूक' का म्हणायची, हेही त्यांना विचारायचं आहे.