हेडलाइटच्या काचेत पाणी

विषय: हेडलाइटमध्ये पाणी

नमस्कार मंडळी,
गाडीच्या डाव्या हेडलाइटला आतून धुकं धरतंय आणि खालच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी साचलंय. उजवा कोरडाठाक आहे. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा दिवा बदला. सांध्याभोवती आणि मागच्या नळ्यांना सिलिकॉन फासून सगळं बंद करून टाकलं तर भागेल का?

उत्तर: हेडलाइटमध्ये पाणी

काका, नळ्या मुळीच बंद करू नका. हेडलाइट हवाबंद नसतो, तसा बनवतच नाहीत. दिवा लावला की आतली हवा तापून फुगते आणि मागच्या व्हेंटमधून बाहेर पडते. विझवला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. व्हेंट म्हणजे कुठे वाकडी रबरी नळी, कुठे स्पंजचं बूच, तर कुठे नखाएवढी पांढरी चकती, जिच्यातून वाफ जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. हे बुजवलं की आत शिरलेली ओल तिथेच अडकते.

आता पाण्याचा हिशोब करा. दिव्यात दहा लिटर हवा धरा. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट असलेल्या तेवढ्या हवेत पाणी असतं जेमतेम ०.३ ग्रॅम. ती १० अंशांवर आली तर त्यातलं ०.२ ग्रॅम काचेवर उतरतं. म्हणजे चार थेंब! नेहमीचं धुकं एवढंच असतं आणि लो बीम अर्धा तास लावला की बहुधा उडून जातं. (एलईडी दिव्यात जास्त वेळ लागतो, कारण त्याची उष्णता मागच्या हीटसिंककडे, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या भागाकडे जाते, काच गारच राहते.) तुमचा चमचा भरला ५ मिलीचा, म्हणजे पंचवीसपट. हे पाणी हवेतलं नाही, कुठून तरी झिरपलंय. नुसत्या दमट हवेचं काम असतं तर उजवाही धुरकटला असता.

आधी मागचं झाकण पाहा, चोर बहुतेकदा तिथेच सापडतो. बल्ब बदलताना रबरी रिंग दुमडते किंवा झाकणाचा एखादा खटका बसत नाही. हॅलोजनच्या जागी बाहेरचा एलईडी घातला असेल तर त्याचा पंखा झाकणाला आडवा येतो, मग लोक झाकणच काढून ठेवतात. त्यानंतर काचेवरचा केसाएवढा तडा आणि शेवटी काच-बॉडीचा सांधा.

नुसतं पाहून कळलं नाही तर दिवा उतरवा. एक व्हेंट सोडून बाकीची टेपने तात्पुरती बंद करा, झाकण लावा, उरलेल्या व्हेंटला नळी जोडून तोंडाने हलकी फुंक मारत राहा आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा येईल तिथे गळती. कॉम्प्रेसर नको, त्याच्या दाबाने चांगला सांधाही उकलेल. आणि टेप काढायला विसरू नका, हे सांगावं लागतं.

उत्तर: हेडलाइटमध्ये पाणी

वरच्या मेलला पूर्ण सहमती. वाळवण्याबद्दल आणि सिलिकॉनबद्दल थोडी भर घालते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. झेनॉन दिवा असेल तर इथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या. तो पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर जातो. हॅलोजन असेल तर झाकण आणि बल्ब काढा (बल्बच्या काचेला बोट लावू नका), दिवा उलटा करून पाणी ओतून टाका. मग हेअर ड्रायर मंद आचेवर, वीतभर लांबून, मागच्या तोंडातून वीसेक मिनिटं. पुढे एक दिवस कोरड्या खोलीत उघडाच राहू द्या. हीट गन नको, प्लास्टिक वाकतं. आतला चकचकीत रिफ्लेक्टर कापडाने पुसायचा मोह आवरा: तो ॲल्युमिनियमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, एकदा ओरखडा उठला की उठला.

सिलिकॉन लावायचंच तर फक्त सापडलेल्या गळतीवर, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्याच्या आम्लाच्या वाफेने रिफ्लेक्टर आणि टर्मिनल दोन्ही खराब होतात. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, असं लिहिलेलं घ्या. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन लावलंत तर पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, काचेला तडे जातील. नंतर २४ तास पाणी लागू देऊ नका.

सिलिका जेलची पुडी आत टाकून ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच. दहा ग्रॅम जेल दोन-तीन ग्रॅम पाणी पितं आणि मग नुसतं पडून राहतं. वर पुडी सरकून गरम बल्बला टेकली तर वितळते.

उत्तर: हेडलाइटमध्ये पाणी

दोघांचे आभार. खालून बारीक भोक पाडून पाणी जाऊ दिलं तर?

उत्तर: हेडलाइटमध्ये पाणी

नको काका. ड्रिलचा कीस आत पडतो आणि पुढे त्याच भोकातून धूळ शिरते. त्यापेक्षा व्हेंटच्या नळ्यांचं तोंड खाली आहे का आणि त्यात चिखल बसलाय का, ते पाहा. दिवा परत बसवल्यावर सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून डाव्या-उजव्या झोताची वरची कड एका रेषेत आहे का तेही तपासा. दिवा उतरवला की रोख थोडा हलतोच.