खाजगी डिटेक्टिव्हचं लायसन्स कुठं भेटते?

दारव्हा_नाका: राजेहो, बी.ए. झालं आहे. खाजगी डिटेक्टिव्हचं काम शिकून करायचं आहे. एक ऑनलाइन कोर्सवाले 'सरकारमान्य लायसन्ससह' म्हणून पैसे मागत आहेत. खरंच असं लायसन्स असते का? अन् यवतमाळकडं राहून काम भेटते का?

तहसील_चौक: भाऊ, एक रुपयाही देऊ नका. आपल्या देशात डिटेक्टिव्हसाठी परवानाच नाही. त्यासाठीचं 2007 चं विधेयक राज्यसभेत पडून राहिलं आणि 2020 मध्ये मागे घेतलं. 2005 चा 'पसारा' कायदा सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचा; तो दाखवून कोणी परवाना विकत असेल तर फसवणूक समजा. तुम्हाला लागतं ते इतकंच: पॅन, चालू खातं, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची, मोफत होते) आणि गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी). कामगार मोजकेच असले तर गुमास्त्याची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. ओळखपत्रावर अशोकस्तंभ किंवा 'क्राइम ब्रँच' असलं काही छापू नका, थेट गुन्हा होतो.

शिकायचंच तर तीन वर्षांचं एलएलबी करा. मात्र वकिलीची सनद घेतली की दुसरा धंदा स्वतः चालवता येत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

क्लेम_फाईल: खेड्यात खरं काम आयुर्विम्याच्या मृत्यूदाव्यांचं आहे. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, म्हणून त्याआधीचे मृत्यू कंपन्या तपासतात. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली असेल तर वर्षं तिथून मोजतात. नवखे इथंच चुकतात. नागपूर-अमरावतीच्या तपास एजन्सी जिल्ह्याप्रमाणे माणसं नेमतात आणि केसमागे पैसे देतात. आधी त्यांच्याकडे काम करा.

गावात शिरल्यावर पहिले पोलीस पाटलाला भेटा, कंपनीचं अधिकारपत्र दाखवा. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा उठल्या की अनोळखी माणसाला मार बसतो, म्हणून सांजेनंतर एकटं फिरू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत लोक सकाळीच वावरात जातात, त्याआधी पोचा.

ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख, दोन्ही उतरवा. 21 दिवसांत नोंद व्हायला हवी. उशीर असेल तर कारण विचारा. वयाची शंका असेल तर आधारवर विसंबू नका, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. आजार आधीपासून होता का हे आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरवरून कळतं, पण अधिकारपत्राशिवाय कोणी दाखवणार नाही. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, वीज पडणं यात मर्ग (पोलिसांतली अकस्मात मृत्यूची नोंद), पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट हवाच. व्हिसेरा (मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने) रासायनिक तपासणीला गेला असेल तर तो अहवाल येईपर्यंत विषाबद्दल ठाम लिहू नका.

जबाब नात्यात नसलेल्या दोघांचे घ्या, तारीख आणि सही-अंगठ्यासह. त्याआधी सातबारा अन् फेरफार पाहून घ्या. धुऱ्याचा (बांधाचा) वाद असला तर शेजारी हमखास वाईटच सांगतो.

दारव्हा_नाका: लय उपयोगाचं सांगितलं, भाऊ. लग्नाआधीची चौकशी करावी का? लोक मोबाईलचे कॉल डिटेल्स मागतात म्हणे.

कोर्ट_आवार: चौकशी करा, पण कॉल डिटेल्सना हात लावू नका. 2018 मध्ये ठाण्यात याच प्रकरणात खाजगी डिटेक्टिव्हांना अटक झाली होती. गाडीला गुपचूप जीपीएस लावणं, दुसऱ्याचं व्हॉट्सॲप उघडणं हेही नको. मुलीच्या मागं मागं फिरलात तर पाठलागाचा गुन्हा लागू शकतो. नोकरी, शेती, ई-कोर्ट्सवर नावाने दिसणारे खटले, एवढ्यातून बरंच कळतं.

फोटो-व्हिडिओ कोर्टात जाणार असतील तर मूळ मेमरी कार्ड जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत मूळ माहिती उरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) लिहायची असते. भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. कामाची व्याप्ती, फी आणि अ‍ॅडव्हान्स आधी कागदावर लिहून पक्षकाराची सही घ्या.